जारवाली मेणबत्ती करणाऱ्यांसाठी: धागा, सेंट अन् रंग कसा टेस्ट करायचा

दिवाळी जवळ आली की लातुरात ओळखीच्या बायका-पोरी विचारायलेत, ताई मेणबत्तीचा क्लास लावू का. लावा की. पण क्लासमध्ये वितळवायचं अन् ओतायचं शिकवतात, ते एका दुपारी जमतं. खरा वेळ जातो तो जाळून बघण्यात आणि ते कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे लिहायलेय.

जार अन् मेण आधी पक्कं करा, मगच धागा आणा. धाग्याची जाडी जारच्या रुंदीवरून ठरते, उंचीशी तिचा संबंध नाही. सोया मेणाला (सोयाबीनच्या तेलाचं) त्याच जारमध्ये पॅराफिनपेक्षा (नेहमीचं पेट्रोलियमचं मेण) सहसा जरा जाड धागा लागतो. दुकानदार म्हणेल हाच सगळ्याला चालतो, तर त्याचं निस्तं ऐकून घ्या आणि तीन जाडीचे धागे आणा. एकसारखे तीन जार, बिनरंगाचं बिनवासाचं मेण, फरक फक्त धाग्याचा. धागा मेणाच्या वर 5-6 मिलीमीटर ठेवून कापा, चार तास जाळा, विझवा, पूर्ण थंड होऊ द्या, परत कापून परत चार तास, असं जार संपेपर्यंत करायचं, कारण वरच्या भागात झकास जळणारी मेणबत्ती खाली गेल्यावर काच तापवते आणि ते पहिल्या दिवशी कळत नाही.

बघायचं काय तर वितळलेलं मेण कडेपर्यंत पोचतं का. साधारण एका इंचाच्या रुंदीला एक तास धरा. पहिल्या वेळी कडेला जरा राहिलं तर लगेच धागा बदलू नका, पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पण मधेच खड्डा पडत गेला अन् भिंतीला मेण तसंच राहिलं तर धागा बारीक आहे. ज्योत उंच नाचायली, काजळी धरायली, धाग्याच्या टोकाला काळं बोंड आलं, जारला हात लावता येईना, तर जाड आहे. हे सगळं पंखा बंद करून, कूलरपासून लांब बघा, वाऱ्यावर चांगला धागा पण काजळी काढतो. आणि आपल्याकडं अजून एक भानगड, मे महिन्यात खोलीच एवढी तापलेली असते की मेण पटकन वितळतं, तोच धागा डिसेंबरात कडेपर्यंत पोचत नाही. उन्हाळ्यातल्या टेस्टवर दिवाळीच्या ऑर्डरी घेऊ नका, थंडीत एकदा परत जाळा.

मग सेंट, म्हणजे मेणबत्तीसाठीचं सुगंधी तेल. ते चमच्यानं नाही, वजनकाट्यावर मोजायचं. 100 ग्रॅम मेणाला 6 ग्रॅमपासून सुरू करा आणि मेणाच्या पाकिटावर जी लिमिट दिलीय तिच्या वर जाऊ नका. जास्त ओतलं की वास वाढतो हा लई जणींचा समज, उलट तेल वर घाम फुटल्यासारखं येतं आणि धागा गुदमरतो. सोया मेण 80-85 डिग्रीला असताना टाकून दोन मिनिटं हळू ढवळायचं. कपड्यावर मारायचा स्प्रे बिलकुल नको, त्यात अल्कोहोल असतं. सोया असेल तर एक-दोन आठवडे झाकण लावून ठेवा, मगच जाळून वास तपासा. आणि स्वतःच्या नाकावर भरवसा ठेवू नका, दिवसभर मोगऱ्यात बसलेल्या नाकाला मोगरा येतच नाही. खोली बंद करून तासभर जाळा अन् शेजारच्या काकूंना आत बोलवा. सेंट टाकल्यावर धाग्याची टेस्ट परत, कारण तेलानं जळणं बदलतं.

रंग शेवटी. मेणबत्तीचाच तेलात विरघळणारा रंग घ्या. केकचा रंग बहुतेक पाण्याचा असतो, तो मेणात मिसळत नाही. हळद, रांगोळी, पोरांचे क्रेयॉन धाग्यात अडकून ज्योत बारीक करतात. एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून थिजू द्या, पातेल्यात दिसतो त्यापेक्षा खरा रंग तोच. व्हॅनिलाच्या सेंटमध्ये व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारं रसायन) असेल तर पांढरं मेण काही दिवसात तपकिरी पडतं, यात तुमचा दोष नाही, अशा वासाला पांढरा रंग ठरवूच नका. एक जार खिडकीत अन् एक कपाटात ठेवून रंग किती उडतो ते पण बघा. गडद मरून-निळ्याला धागा कधी कधी एक साइज जाड करावा लागतो.

हां, मेण थेट गॅसवर नाही, डबल बॉयलरवरच, म्हणजे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात. पेटलं तर पाणी मारायचं नाही, गॅस बंद करून झाकण टाकायचं. टेस्टचा जार स्टीलच्या ताटात, आणि तळाला सेंटीमीटरभर मेण राहिलं की विझवायचा.

प्रत्येक जारला स्टिकर लावून धागा, ग्रॅम, डिग्री, तारीख लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. गिऱ्हाईक म्हणालं हीच मेणबत्ती पण गुलाबी अन् गुलाबाच्या वासाची पाहिजे, तर ती नवीन मेणबत्ती झाली, तीन आठवडे मागून घ्या आणि तेवढ्यात हो म्हणत नसेल तर जी टेस्ट झालीय तीच दाखवा.