पायथन ३.१४ बसवा, पण जुन्याला हात न लावता

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची नवी आवृत्ती दर वर्षी ऑक्टोबरमध्ये येते. ३.१३ आली ७ ऑक्टोबर २०२४ ला आणि ३.१४ बरोबर वर्षाने, ७ ऑक्टोबर २०२५ ला. आकडा पाहून गणितवाल्यांनी ‘पाय’ या गणिती संख्येवरचे विनोद करून घेतलेच. पण ज्यांच्या संगणकावर रोजच्या कामाच्या दोन-चार स्क्रिप्ट, म्हणजे छोटे पायथन प्रोग्रॅम, आहेत (एक्सेलमधून पगारपत्रक काढणारी, फायलींची नावे बदलणारी, कॉलेजच्या प्रकल्पाची) त्यांना एवढेच कळायला हवे असते की नवे टाकले तर जुने चालेल का.

चालेल, जुने काढले नाही तर. ३.१३ आणि ३.१४ एकाच संगणकावर गुण्यागोविंदाने राहतात. त्यांची फोल्डरे वेगळी, लायब्रऱ्याही (बाहेरून आणलेले तयार कोडचे संच) वेगळ्या. मधला आकडा बदलला की भाषेत काही नवे येते आणि काही जुने जाते. शेवटचा आकडा बदलतो, म्हणजे ३.१४.० चे ३.१४.१ होते, तेव्हा फक्त दुरुस्त्या असतात. त्या बिनधास्त जुन्यावरच टाकाव्यात.

पुढे आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या.

घाई आहे का ते आधी बघा

लिनक्स किंवा मॅकवर ‘पायथन३ --व्हर्जन’ लिहा. विंडोजवर पी आणि वाय या दोन अक्षरांची छोटी आज्ञा पुरते, तिलाही पुढे ‘--व्हर्जन’ जोडा. प्रत्येक आवृत्तीला साधारण पाच वर्षे आधार मिळतो. ३.९ चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, ३.१० चा ऑक्टोबर २०२६ मध्ये संपतो. ३.१४ ला २०३० च्या ऑक्टोबरपर्यंत मुदत आहे. सुरुवातीची सुमारे दोन वर्षे सगळ्या दुरुस्त्या होतात, नंतर फक्त सुरक्षेच्या. त्या नंतरच्या काळात विंडोज-मॅकसाठी तयार इन्स्टॉलरही निघत नाही, नुसता सोर्स कोड (स्वतः बांधून घ्यायचा मूळ कोड) मिळतो.

तुमच्याकडे ३.९ किंवा त्याहून जुने असेल तर हे काम पुढे ढकलू नका. ३.१२ किंवा ३.१३ असेल तर सवडीने करा. पोटापाण्याच्या कामासाठी मी कुठल्याही आवृत्तीचा ‘.०’ वापरणार नाही, ‘.१’ किंवा ‘.२’ येईपर्यंत थांबेन. तोवर बाहेरच्या लायब्रऱ्याही तयार झालेल्या असतात.

‘नवीन काय’ हे पान खालून वाचा

प्रत्येक आवृत्तीसोबत पायथनच्या संकेतस्थळावर ‘नवीन काय’ असे लांबलचक पान येते. सगळे जण वरून वाचायला लागतात आणि अर्ध्यात सोडतात. तुमच्या कामाचा भाग तळाशी असतो. काय काढून टाकले आणि जुना कोड नव्यावर आणताना काय बदलावे लागेल, ते तिथे लिहिलेले असते.

मधल्या आवृत्त्या ओलांडून येत असाल तर त्या प्रत्येकीचा हा भाग वाचावा लागतो. ३.१२ मध्ये पॅकेज बांधायचे ‘डिस्टयुटिल्स’ गेले. ३.१३ मध्ये एका झटक्यात १९ जुनी मोड्यूल (पायथनसोबतच येणारे तयार कोडचे भाग) काढली, त्यांत ‘सीजीआय’, ‘टेलनेटलिब’ आणि ‘क्रिप्ट’ होती. राउटरशी टेलनेटवरून बोलणारी जुनी स्क्रिप्ट ३.१३ वर पहिल्याच ओळीला आपटते.

३.१४ मधले दोन बदल जास्त जणांना नडतील. लिनक्सवर एका प्रोग्रॅममधून अनेक प्रोसेस (स्वतंत्रपणे चालणारी कामे) सुरू करायची मूळ पद्धत बदलली आहे. पूर्वी चालू प्रोसेसची थेट प्रत निघायची. आता वेगळा मदतनीस प्रोसेस नव्या प्रोसेस उभ्या करतो. म्हणून मुख्य काम ‘इफ नेम इज मेन’ या अटीखाली ठेवलेले नसेल तर प्रोग्रॅम अडतो. विंडोजवाल्यांना ही अट आधीपासूनच पाळावी लागते. दुसरा बदल ‘असिंकआयओ’ या एका वेळी अनेक कामे सांभाळणाऱ्या मोड्यूलमधला. चालू इव्हेंट लूप (ही कामे आळीपाळीने चालवणारे चक्र) नसताना तो मागितला तर पूर्वी काही वेळा गुपचूप नवा तयार व्हायचा, आता सरळ एरर येते. जुन्या चॅट-बॉटच्या कोडमध्ये ही ओळ हमखास सापडते.

बसवणे

विंडोजवर आता ‘पायथन इन्स्टॉल मॅनेजर’ आला आहे. तो एकदा घेतला की ‘पीवाय इन्स्टॉल ३.१४’ लिहून आवृत्ती उतरवता येते आणि ‘पीवाय लिस्ट’ने काय-काय बसले आहे ते दिसते. एखादी स्क्रिप्ट ठरावीक आवृत्तीवर चालवायची तर ‘पीवाय’नंतर जागा सोडून ‘-३.१३’ किंवा ‘-३.१४’ लिहा.

मॅकवर अधिकृत इन्स्टॉलर वापरलात तर ॲप्लिकेशन्समधल्या पायथन ३.१४ च्या फोल्डरात जा आणि तिथली ‘इन्स्टॉल सर्टिफिकेट्स’ ही फाइल एकदा चालवा. ही पायरी हमखास राहून जाते. मग इंटरनेटवरून काहीही आणताना प्रमाणपत्राची एरर येते आणि माणूस वायफायला दोष देत बसतो.

लिनक्सवर सर्वांत जास्त जपायचे. उबुंटूसारख्या प्रणालींची स्वतःची काही साधने त्यांच्यासोबत आलेल्या पायथनवर चालतात. ते पायथन काढू नका आणि ‘पायथन३’ हे नाव नव्या आवृत्तीकडे वळवू नका. तसे केल्यावर टर्मिनलच उघडत नाही म्हणणारे लोक दरवर्षी भेटतात. उबुंटूवर ‘डेडस्नेक्स’ या भांडारातून ३.१४ शेजारी बसवता येते, किंवा ‘यूव्ही’ हे साधन घेऊन ‘यूव्ही पायथन इन्स्टॉल ३.१४’ म्हणा. सोर्स कोडवरून स्वतः बांधत असाल तर शेवटची आज्ञा ‘मेक इन्स्टॉल’ऐवजी ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’ द्या. त्याने फक्त ‘पायथन३.१४’ हे नाव तयार होते, जुने ‘पायथन३’ जागच्या जागी राहते.

बसवताना ‘फ्री-थ्रेडेड’ असाही पर्याय दिसेल. एका वेळी एकच थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा धागा) चालू देणारे पायथनमधले जुने कुलूप त्यात काढलेले आहे. ३.१४ पासून त्याला अधिकृत आधार आहे, पण एकाच थ्रेडवर चालणारा साधा प्रोग्रॅम त्यात ५ ते १० टक्के हळू होतो. तुम्हाला ते का हवे हे सांगता येत नसेल तर सोडून द्या.

लायब्रऱ्या नव्याने आणा

जुन्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचे (एका प्रकल्पापुरत्या लायब्रऱ्यांच्या वेगळ्या जागेचे) फोल्डर उचलून नवीकडे ठेवले तर चालत नाही. आत जुन्या पायथनचे पत्ते कोरलेले असतात. जुने एन्व्हायर्नमेंट सुरू करून ‘पिप फ्रीझ’ (पिप म्हणजे पॅकेज बसवणारे साधन) चालवा आणि आलेली यादी एका फाइलमध्ये साठवा. मग ‘पायथन३.१४ -एम व्हेन्व’ आणि पुढे तुमच्या आवडीचे नाव देऊन नवे एन्व्हायर्नमेंट करा, ते सुरू करा आणि त्या यादीवरून पॅकेज बसवा.

खरा अडथळा इथे येतो. नमपाय, पांडाज अशा लायब्रऱ्यांचा मोठा भाग सी किंवा तत्सम भाषांत लिहिलेला असतो आणि पायथनच्या प्रत्येक आवृत्तीसाठी तो वेगळा बांधावा लागतो. त्या बांधलेल्या पॅकेजला ‘व्हील’ म्हणतात. ३.१४ चे व्हील मिळाले नाही तर पिप स्वतःच सोर्सवरून बांधायला घेते. तुमच्याकडे कंपायलर (असा कोड बांधणारे साधन) नसतो आणि पडद्यावर लाल अक्षरांचा पूर येतो. तो वाचत बसू नका. पिपला ‘ओन्ली-बायनरी’ हा पर्याय दिला तर व्हील नाही एवढे ते एका वाक्यात सांगते. अनेकदा यादीतला आवृत्तीचा आकडाच जुना असतो, त्या लायब्ररीची ताजी आवृत्ती मागितली की काम होते. तीतही ३.१४ चे व्हील नसेल तर तेवढी स्क्रिप्ट जुन्यावरच राहू द्या.

इशारे दाखवायला लावून चालवा

नुसते चालवून समाधान मानू नका. पायथनला ‘-एक्स डेव्ह’ हा पर्याय देऊन (यातला एक्स मात्र मोठ्या अक्षरात) स्क्रिप्ट चालवा, म्हणजे एरवी झाकलेले इशारेही बाहेर येतात. पुढच्या एखाद्या आवृत्तीत काय मोडणार आहे ते त्यांतून आजच कळते. ‘फायनली’च्या आतून बाहेर पडणाऱ्या ‘रिटर्न’वर ३.१४ इशारा देते. तो मनावर घ्या, कारण अशा ओळीमुळे मूळ एरर गिळली जाते.

मराठी मजकुराच्या फायली वाचणाऱ्यांनी आणखी एक तपासावे. विंडोजवर फाइल उघडणाऱ्या ‘ओपन’ला एन्कोडिंग (अक्षरे साठवायची पद्धत) सांगितले नाही तर ३.१४ सुद्धा प्रणालीचे स्वतःचे एन्कोडिंग वापरते. मग गावांच्या नावांऐवजी चित्रविचित्र लॅटिन अक्षरे उमटतात किंवा थेट एरर येते. ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच मूळ धरायचे ठरले आहे. तोवर प्रत्येक ‘ओपन’मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ असे स्वतः लिहा. पुढेही ते लिहिलेले अडचणीचे ठरत नाही.

शिकणाऱ्यांसाठी एक बरी गोष्ट आहे. ‘व्हाइल’चे स्पेलिंग चुकले तर ३.१४ ‘तुम्हाला हे म्हणायचे होते का?’ असे विचारते, आणि टर्मिनलमध्ये कोड रंगीत दिसतो.

महिना-दोन महिने दोन्ही आवृत्त्या ठेवा. महिनाअखेरीला किंवा तिमाहीला चालणाऱ्या स्क्रिप्ट नव्यावर एकदा तरी चालू द्या. त्यानंतर जुने एन्व्हायर्नमेंट काढायचे म्हणजे त्याचे फोल्डर पुसायचे, दुसरे काही करावे लागत नाही. जुनी आवृत्ती तुम्ही स्वतः बसवलेली असेल तर तीही काढता येईल. लिनक्ससोबत आलेली मात्र आहे तिथेच राहू द्या.