शरदातला एक दिवस: मळवलीहून लोहगड, भाजे लेणी आणि धबधबा

पावसाळा ओसरल्यानंतर आणि ऑक्टोबरचे ऊन तापण्याआधी सह्याद्रीत जे थोडे दिवस मिळतात, ते सोप्या भटकंतीसाठी वर्षातले सर्वांत चांगले दिवस असतात. गणेश विसर्जनापासून साधारण दसऱ्यापर्यंत ओढ्यांना पाणी असते, सोनकीच्या पिवळ्या फुलांनी उतार भरून गेलेले असतात आणि जुलैच्या धुक्यात हरवलेला मुलूख लांबवर दिसू लागतो. कोजागरीनंतर मात्र भाज्याचा धबधबा झपाट्याने आटत जातो, त्यामुळे पाणी पाहायचे असेल तर दिवाळीच्या सुटीपर्यंत थांबू नये.

किल्ला, लेणी आणि धबधबा एकाच दिवसात, दोर किंवा वाटाड्या न घेता पाहता येतील अशा जागांमध्ये मावळातील मळवलीचा परिसर मला सर्वांत सोयीचा वाटतो. पुणे-लोणावळा लोकल मळवलीला थांबते. मुंबईकडून येणाऱ्यांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल धरावी, पुढचेच स्थानक मळवली आहे. सकाळची लवकरची गाडी गाठणे आणि शक्यतो आठवड्यातला मधला वार निवडणे, एवढ्या दोन गोष्टींनी निम्मे काम होते, कारण शनिवार-रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर अक्षरशः रांग लागते. दुपारी लोकलच्या फेऱ्या विरळ होतात, म्हणून परतीची वेळ घरून निघतानाच पाहून ठेवावी.

बहुतेक जण स्थानकावरून द्रुतगती मार्ग ओलांडून भाजे गावात येतात आणि लेणी वाटेतच असल्याने आधी तीच उरकून घेतात. माझा सल्ला नेमका उलटा आहे. ही लेणी पश्चिमाभिमुख आहेत, त्यामुळे सकाळी तिथली शिल्पे सावलीत असतात आणि दुपार कलल्यावर उजेड आत शिरतो. शिवाय परतीच्या पावसाच्या दिवसांत ढग दुपारनंतर जमतात आणि विजा कडाडू लागतात, अशा वेळी उघड्या माचीवर असण्यापेक्षा खाली गावाजवळ असलेले बरे. म्हणून सकाळी गड आणि दुपारनंतर लेणी, हा क्रम ठेवावा.

भाज्यातून लोहगडवाडीकडे जाणारा रस्ता लोहगड आणि विसापूर यांच्यामधल्या गायमुख खिंडीतून जातो. रमतगमत चालले तरी दीड-दोन तासांत वाडी येते. तिथे घरगुती जेवण मिळते, पिठलं-भाकरीची मागणी वर चढण्यापूर्वीच नोंदवली तर उतरल्यावर ताटकळावे लागत नाही. वाडीपासून गडावर जायला बांधीव पायऱ्या आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार दारे वळणावळणाच्या वाटेवर एकामागून एक लागतात. एका दारातून पुढे सरकणारा शत्रू वरच्या तटाच्या माऱ्यात कसा येत असेल, हे इथे चढताना आपोआप कळते. पायऱ्यांच्या कडेला शेवाळ टिकून असते, म्हणून पायऱ्यांच्या मधूनच चालावे आणि गुळगुळीत तळव्यांचे बूट घरी ठेवावेत.

शिवाजी महाराजांनी घेतलेला हा किल्ला १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. वर नाना फडणवीसांच्या काळातील सोळा कोनांचे तळे आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत लोहगडाचाही समावेश आहे. मात्र गडावरचा खरा मुक्काम विंचूकाट्यावर करावा. सुमारे दीड किलोमीटर लांबीच्या या चिंचोळ्या माचीवर जाण्यासाठी एक छोटा कातळटप्पा उतरावा लागतो, तो ओला असेल तर लहान मुलांना घेऊन पुढे जाऊ नये. स्वच्छ दिवशी पवना धरणाचे पाणी आणि त्यापलीकडचे तुंग व तिकोना हे किल्ले इथून दिसतात. कडेकपारींत मधमाश्यांची पोळी असतात, तेव्हा अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिन्ही टाळावेत.

समोरचा विसापूर लोहगडापेक्षा उंच आहे. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि त्यानंतर लगेच लोहगडही पडला, याचे कारण त्या उंचीतच आहे. दोन्ही गड एका दिवसात करणारे पुष्कळ आहेत, पण विसापूरची वाट काही ठिकाणी ओढ्यातल्या दगडांतून जाते. सोपा दिवस हवा असेल तर तो दुसऱ्या फेरीसाठी ठेवावा.

जेवून दुपारी तीनच्या सुमारास भाजे लेण्यांपाशी पोहोचावे. गावातून वर पायऱ्या आहेत आणि तिकीट लागते. बावीस लेण्यांचा हा समूह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून खोदला गेला. चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, शिरल्यावर आधी खांबांकडे पाहावे: ते सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलण्यासाठी खांब असे तिरके ठेवीत. दगडात त्याची गरज नसतानाही कारागिरांनी ती ओळखीची रीत सोडली नाही. छताला तर खऱ्या लाकडी कमानी आहेत. बाहेर पडून दक्षिणेकडे चालत गेले की चौदा स्तूपांचा गट लागतो. त्यांपैकी काहींवर भिक्षूंची नावे कोरलेली आहेत. आणखी पुढच्या विहारात, म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या लेण्यात, ओसरीच्या भिंतीवर एका बाजूला चार घोड्यांचा रथ आणि दुसऱ्या बाजूला हत्तीवर बसलेली भव्य आकृती आहे. त्यांना बहुधा सूर्य आणि इंद्र म्हणतात, पण अभ्यासकांचे यावर एकमत नाही. रथाच्या चाकाखाली चिरडल्या जाणाऱ्या बेढब आकृती नीट निरखल्याशिवाय तिथून हलू नये.

धबधबा लेण्यांच्या टोकाशी जवळच आहे. कुंडात उतरण्याचा मोह आवरावा आणि कड्याखाली उभे राहू नये, कारण डोंगरावर सर पडली तर खाली ऊन असतानाही पाणी वाढते आणि पाण्याबरोबर दगड येतात. पाणी गढूळ झाले किंवा त्याचा आवाज बदलला की क्षणभरही न थांबता काठ सोडावा. पाय बुडवण्यासाठी खालच्या बाजूचा उथळ प्रवाह पुरेसा आहे. ऑक्टोबरात अंधार लवकर पडतो, म्हणून पिशवीत विजेरी असू द्यावी आणि साडेपाचच्या आत मळवलीच्या वाटेला लागावे. लेण्यांपासून स्थानकापर्यंत चालायला अर्धा-पाऊण तास पुरतो.