एकाच दुधातली दोन प्रकारची प्रथिने वेगळी कशी करावीत

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत कोणत्याही शाळेत हा प्रयोग जोडतासाला होतो. गाईचे दूध, लिंबू, मलमलचे कापड, खाण्याचा सोडा, स्पिरिटचा दिवा, सामूकागद, परीक्षानळ्या, कॉस्टिक सोडा आणि मोरचूद एवढेच लागते.

दूध मात्र न उकळलेलेच हवे. मुलांना हे आदल्या दिवशीच बजावा, कारण आपल्याकडे दूध घरात आले की आधी चुलीवर चढते. उकळल्यावर निवळीतली (दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्यातली) प्रथिने उलगडून केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतात, मग वेगळे करायला फारसे उरतच नाही. पिशवीतले पाश्चरीकृत दूध चालते. प्रयोगातले काहीही चाखू देऊ नका.

१०० मिलिलिटर दूध ४० अंशांपर्यंत कोमट करा. लिंबाचा रस थेंबथेंब टाकत सावकाश ढवळा. सामू (pH, आंबटपणाचे माप) ४.६च्या आसपास आला की केसीनवरचे धन आणि ऋण भार बरोबरीत येतात, कण एकमेकांना दूर लोटेनासे होतात आणि दूध फाटते. सामूकागद मुलांच्याच हाती द्या. फाटताना आकडा डोळ्यांनी पाहिला की समविद्युत बिंदूची, म्हणजे भार बरोबरीत येतात त्या सामूची, व्याख्या घोकावी लागत नाही. कोकमाचा आगळ वापरायचा मोह होतो, पण त्यात मीठ असते आणि लाल रंग चोथ्याला लागतो. पहिल्या खेपेला लिंबूच बरे.

गाळून पिळा. कापडात राहिले ते केसीन, सोबत स्निग्धांशही. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीनच असते. खालची हिरवट-पिवळी निवळी फेकू नका, खरी गंमत तिच्यातच आहे. थोडी बाजूला ठेवून उरलेली उकळा. पांढरे कण दिसू लागतील: आंबटाला न बधलेली प्रथिने उष्णतेने साकळली. तीही गाळून घ्या.

आता चमचाभर चोथा धुऊन पाण्यात कालवा आणि चिमूटचिमूट सोडा घाला. पाणी पुन्हा दुधाळ होते. केसीन साकळले होते, मोडले नव्हते, हे मुलांना इथे पटते.

शेवटी हे दुधाळ पाणी, बाजूला ठेवलेली निवळी आणि उकळून गाळलेली निवळी तीन परीक्षानळ्यांत घ्या. प्रत्येकीत कॉस्टिक सोड्याचे द्रावण आणि मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणाचे दोन-तीन थेंब टाका. कॉस्टिक सोडा शिक्षकांनीच हाताळावा. प्रथिने असतील तिथे जांभळा रंग येतो. तिसऱ्या नळीत तो सर्वांत फिका का, हे वहीत लिहायला लावा.