सुपरवायझर परवान्याची गणितं: निदान या चुका तरी टाळा

वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे इथे रोज पॅनेल उघडणारी मुलं इलेक्ट्रिकल सुपरवायझर परवान्याच्या परीक्षेत पॉवरच्या साध्या गणितावर गुण घालवतात. सूत्रं पाठ असतात, पण कोणता आकडा कशाचा हे बघायला कुणी थांबत नाही.

सगळ्यात चिवट चूक कपॅसिटरच्या गणितातली. लोड २०० किलोवॅट, पीएफ (पॉवर फॅक्टर, म्हणजे किलोवॅट भागिले केव्हीए) ०.८ वरून ०.९८ करायचा. उतावळा गडी २५० केव्हीएतून २०४ वजा करतो आणि ४६ केव्हीएआर लिहून मोकळा होतो. अरे, पॉवरच्या त्रिकोणात किलोवॅट ही आडवी बाजू, केव्हीए ही तिरकी. कपॅसिटर कापतो ती उभी, म्हणजे केव्हीएआर. पीएफ म्हणजे या त्रिकोणातल्या कोनाचा कोसाइन; दोन्ही पीएफच्या कोनांचे टॅन काढा: ०.७५ आणि ०.२०३. फरक ०.५४७, गुणिले २००, म्हणजे १०९ केव्हीएआर.

रबाळ्याच्या एका वर्कशॉपमध्ये हीच वजाबाकी थेट पॅनेलवर चढली. २५ केव्हीएआरचे दोन कपॅसिटर बसवले, तेही ४४० व्होल्टचे. सप्लाय ४१५ चा. केव्हीएआर व्होल्टेजच्या वर्गाने उतरतो, त्यामुळे ५० चे साडेचव्वेचाळीसच मिळाले आणि पीएफ ०.८८ वर अडकला. कपॅसिटर खराब निघाले म्हणून सप्लायरशी भांडण झालं, ते वेगळंच. एचटीचं (हाय टेन्शन जोडणीचं) बिल केव्हीएएचवर (केव्हीए गुणिले तास) येतं, तेव्हा ही चूक दर महिन्याला पैसे खात राहिली. ४४० व्होल्टचेच घ्यायचे तर १२३ केव्हीएआर लागतात; बाजारातून १२५ आणायचे. पेपरात कपॅसिटरचं व्होल्टेज दिलं असेल तर ते शोभेला दिलेलं नसतं.

मोटरच्या गणितात एफिशियन्सी विसरतात. नेमप्लेटवरचे ७५ किलोवॅट शाफ्टवरचे असतात, मोटर सप्लायमधून घेते ते नव्हेत. ४१५ व्होल्ट, पीएफ ०.८५, एफिशियन्सी ०.९२ धरली तर करंट १३३ अँपिअर. विसरलात तर १२३. केबल आणि रिले दोन्ही चुकले. ‘एचपीला दीड अँपिअर’ हा साइटवरचा हिशेब उत्तर ताडून बघायला ठीक आहे, उत्तर म्हणून नाही.

ट्रान्सफॉर्मरच्या फॉल्ट करंटला (शॉर्ट सर्किट झाल्यावर वाहणारा करंट) इम्पिडन्सची टक्केवारी तशीच वापरू नका. ५०० केव्हीए, ४३३ व्होल्टला फुल लोड ६६७ अँपिअर, इम्पिडन्स ४.५ टक्के म्हणजे भागायचं ०.०४५ ने. येतात १४.८ किलोअँपिअर. ४.५ ने भागून १४८ अँपिअर लिहिणारे कमी नाहीत. फॉल्ट करंट फुल लोडपेक्षा कमी आला तरी पेन अडखळत नाही, याचं नवल वाटतं!

थ्री फेजच्या डेल्टा जोडणीत लाइन करंट फेज करंटच्या १.७३२ पट, लाइन आणि फेज व्होल्टेज मात्र एकच राहतं.

केबलमधल्या व्होल्टेज ड्रॉपसाठी करंट गुणिले रेझिस्टन्स काढून सिंगल फेजमध्ये २ ने गुणायचं, थ्री फेजमध्ये १.७३२ ने. आणि केबलचा रेझिस्टन्स किलोमीटरला दिलेला असतो. लांबी मीटरमध्ये असेल तर आधी हजाराने भागा.