सहकारी तालिकीकरणाची आकडेवारी कळवताना या चुका टाळा

ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीतून अहवाल काढायचा, आलेला आकडा तक्त्यात भरायचा आणि मोकळे व्हायचे, या पद्धतीने सहकारी तालिकीकरणाची, म्हणजे अनेक ग्रंथालयांनी मिळून सामायिक तालिकेसाठी केलेल्या नोंदींची, आकडेवारी जवळजवळ हमखास चुकते. आपण ठरावीक मुदतीत सामायिक तालिकेत किती भर घातली, हे कळवायचे असते. प्रणाली मात्र आज आपल्या संग्रहात जे दिसते तेवढेच मोजून देते.

सर्वांत त्रासदायक चूक तारखेची असते. मार्क या यंत्रवाचनीय आराखड्यात केलेल्या नोंदीतील ००५ या फील्डमध्ये (क्रमांक दिलेल्या रकान्यात) त्या नोंदीवर झालेल्या शेवटच्या व्यवहाराची तारीख व वेळ असते. मे महिन्यात केलेल्या नोंदीतला एखादा स्वल्पविराम पुढच्या नोव्हेंबरमध्ये कोणी बदलला, तरी ००५ बदलते आणि त्यावर आधारलेल्या अहवालात ती नोंद आदल्या वर्षातून नाहीशी होऊन नव्या वर्षात उगवते. त्याऐवजी ००८ च्या पहिल्या सहा स्थानांतली, नोंद फाइलमध्ये दाखल झाल्याची तारीख घ्यावी म्हटले, तर बाहेरून उतरवून घेतलेल्या नोंदीत ती बहुधा मूळ फाइलमधलीच राहते. म्हणून वर्षअखेरीस मागे शोध घेत बसण्यापेक्षा, नोंद पाठवतानाच तिचा नियंत्रण क्रमांक (नोंदीचा ओळख क्रमांक), तारीख आणि कामाचा प्रकार एका साध्या तक्त्यात टिपून ठेवावा. काम कंटाळवाणे आहे खरे, पण वर्षअखेरीचा गोंधळ याहून कितीतरी जास्त कंटाळवाणा असतो.

वर्ष कोणते, हेही आधी पाहून घ्यावे. प्रोग्रॅम फॉर को-ऑपरेटिव्ह कॅटलॉगिंग, म्हणजेच पीसीसी, या ग्रंथालयांच्या सहकारी तालिकीकरण कार्यक्रमाची आकडेवारी १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर या वर्षाप्रमाणे मांडली जाते. ग्रंथालयाचा स्वतःचा वार्षिक अहवाल वेगळ्या वर्षाचा असेल, तर तोच आकडा दोन्हीकडे चालणार नाही.

दुसरी चूक श्रेयाची. ०४० फील्डमध्ये सबफील्ड (उपरकाना) ए मूळ तालिकाकार संस्था दाखवते, सी नोंद यंत्रवाचनीय रूपात आणणारी संस्था, तर डी दुरुस्ती करणाऱ्या संस्था. केवळ ए पाहून मोजणी केली, तर दुसऱ्या ग्रंथालयाची अपुरी नोंद पूर्ण करून, तिच्या ०४२ फील्डमध्ये ‘पीसीसी’ हा संकेत घालून आपण ती प्रमाणित केल्याचे काम निसटते. उलट, आपल्या तालिकेतील ०४२ मध्ये हा संकेत असलेल्या सगळ्या नोंदी मोजल्या, तर इतरांचे श्रमही आपल्या नावावर चढतात, आणि ही चूक अधिक वेळा होते, कारण हा शोध फार सोपा असतो. डी मध्ये आपला संकेत दिसला तरी तो कधी आला आणि दुरुस्ती काय होती हे त्यावरून कळत नाही. तिथे पुन्हा आपल्या तक्त्याकडेच वळावे लागते.

शोधाचे उत्तर अनपेक्षितपणे शून्य आले, तर काम झालेच नाही असे मानण्याआधी शोधात वापरलेला आपल्या संस्थेचा संकेत तपासावा. ओसीएलसी या ग्रंथालय-सहकारी संस्थेच्या सामायिक तालिकेतील ग्रंथनोंदींत ०४० मध्ये ओसीएलसीचे चिन्ह असते, तर पीसीसीच्या नाको या नावांसाठीच्या कार्यक्रमातील ऑथॉरिटी नोंदींत (नावांची प्रमाण रूपे ठरवणाऱ्या नोंदींत) मार्क संस्था-संकेत असतो. लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी दोन्हीकडे ‘डीएलसी’ चालते. इतर अनेक ग्रंथालयांची दोन रूपे मात्र वेगळी असतात. आकडा अचानक दुप्पट झाला, तर आधी एकगठ्ठा आयात केलेल्या नोंदींचा संशय घ्यावा आणि त्या यादीतल्या काही नोंदी प्रत्यक्ष उघडून ०४० वाचावे.

नाकोसाठी नव्या व बदललेल्या नोंदी वेगळ्या दाखवाव्यात. पीसीसीच्याच साको कार्यक्रमातून पाठवलेले विषयशीर्षकाचे प्रस्ताव मंजुरीपूर्वी तपासले जातात, त्यामुळे पाठवलेले आणि मंजूर झालेले हे दोन आकडे एकमेकांत मिसळू नयेत. अनेक ग्रंथालये मिळून चालणाऱ्या फनेल गटात असाल, तर आकडा गटाचा समन्वयक कळवणार की तुम्ही, हे लेखी ठरवून घ्यावे. दोघांनीही कळवला तर तेच काम दोनदा मोजले जाते, आणि दोघेही एकमेकांवर विसंबले तर मोजलेच जात नाही. ज्या रकान्यातले काम झालेच नाही, तिथे शून्य लिहावे. रकाना रिकामा सोडला, तर काम झाले नाही की माहिती दिली नाही, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

आकडे पाठवल्यावर चूक लक्षात आली, तर फरक पुढच्या मुदतीत गुपचूप भरून काढू नये, कारण त्यामुळे दोन्ही मुदतींचे आकडे खोटे ठरतात. आकडेवारी गोळा करणाऱ्यांना कळवून मूळ मुदतीचाच आकडा दुरुस्त करून घ्यावा आणि आपल्या तक्त्यात जुना आकडा, नवा आकडा व बदलाचे कारण शेजारी शेजारी राहू द्यावे.