सोन्याचे कण लावले की क्वांटम डॉट विझतात: माझा अनुभव

लक्षण: ६२० नॅनोमीटरला लाल चमकणारे कॅडमियम सेलेनाइडचे क्वांटम डॉट (प्रकाश पडला की चमकणारे अर्धवाहकाचे अतिसूक्ष्म कण) सोन्याच्या सूक्ष्म कणांवर टाकले की चमक वाढायच्या ऐवजी जवळपास विझायची. सोन्याचे कण आजूबाजूचा प्रकाश एकवटतात, म्हणून ती वाढेल अशी अपेक्षा होती.

आधी पुण्यातल्या पावसाळी दमटपणाला दोष दिला, मग डॉटची नवी बाटली उघडली, शेवटी लेझरची ताकद वाढवली. तीन आठवडे पाण्यात गेले.

खरी भानगड अंतराची. डॉट धातूला चिकटला की त्याची ऊर्जा प्रकाश न होता धातूतच उष्णता होऊन जिरते. शिवाय माझे कण २० नॅनोमीटरचे. इतके लहान कण प्रकाश विखुरण्यापेक्षा शोषतातच जास्त.

मग असं केलं: ८० नॅनोमीटरचे सायट्रेटवाले (म्हणजे ऋण भाराचे) सोन्याचे कण घेतले. अमिनो-सायलेन (काचेला धन भार देणारं रसायन) लावलेल्या काचेच्या अर्ध्या भागावरच ते बसवले, उरलेला अर्धा तुलनेसाठी कोरा. मग डॉट आणि सोन्यात अंतर राहावं म्हणून त्यावर आलटून पालटून पीएएच (धन भाराचं पॉलिमर) आणि पीएसएस (ऋण भाराचं पॉलिमर), प्रत्येकी दहा मिनिटं, दर वेळी पाण्याने धुऊन. धुण्यात आळस केलात तर थर गुठळ्यांचा होतो. चार जोड्या, म्हणजे सुमारे १० नॅनोमीटर, वर शेवटचा पीएएच. सर्वात शेवटी कार्बोक्सिलवाले (ऋण भाराचे, म्हणून पीएएचला चिकटणारे) डॉट.

सोन्याची बाजू कोऱ्या बाजूपेक्षा उजळ दिसली, अगदी नुसत्या यूव्ही टॉर्चखालीसुद्धा.