मे महिन्यातही घट्ट राहणारी बिनभट्टीची कुकी

आमच्या यवतमाळकडं मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, अन् लाईन कधी जाईल याचा नेम नाही. त्यामुळं चॉकलेट वितळवून फ्रिजमध्ये घट्ट करायची कुकी इथं टिकतच नाही, ताटातच पाघळते. लेकरांना तर कुकीच पाहिजे. उपाय सापडला पाकात.

एक वाटी साखर, पाव वाटी दूध, पाव वाटी तूप, दोन मोठे चमचे कोको. मध्यम आचेवर सतत हलवायचं. सगळीकडून खदखदून उकळी फुटली की तिथून एक-दीड मिनिट. कडेच्या बुडबुड्यांना उकळी समजू नये, सगळी गोम इथंच आहे. खात्रीसाठी थेंबभर पाक थंड पाण्यात टाका: मऊ गोळी वळली पाहिजे. हे साधारण 113 ते 115 अंशांना होतं. कमी उकळला तर कुकी चिकट राहते, जास्त झाला तर भुरभुरते.

गॅस बंद करून पाव वाटी बारीक, तेल सुटेपर्यंत वाटलेले भाजके शेंगदाणे अन् दीड वाटी भाजलेले ओट्स घाला. तूप लावलेल्या ताटात लगेच चमच्यानं थापा. अर्ध्या-पाऊण तासात फ्रिजविना घट्ट होतात. डब्याचं झाकण मात्र पूर्ण गार झाल्यावरच लावा.